समाजशास्त्राच्या पदवीचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)

संयोजकांनी मला जो विषय दिला होता तो 'उच्च शिक्षणापुढील प्रश्न' असा ऐसपैस होता. अशा विषयावर काहीही न सांगता तासभर बोलता येते आणि माझ्या व्यवसायातील माणसांना त्याची सवयही असते. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी तो पुष्कळच आखूड केला आहे. समाजशास्त्र हा विषय घेऊन बी.ए. होण्यास एका घराला किती खर्च येतो आणि त्या घराच्या पदरात पुढे काय पडते, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज करणार आहे. मी हा विषय एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे शिकवला. त्या तीस वर्षांत हा हिशेब मी एकदाही फळ्यावर मांडला नाही. तो मांडावयास मला एका बाईने भाग पाडले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची, प्रवेशाच्या दिवसांतली गोष्ट. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातून एक शेतमजूर बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी बारावीला बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण झाली होती. मी तिला समाजशास्त्र घेण्याचा सल्ला दिला. बाईंनी विचारले, "सर, ह्यो इषय घेऊन पोरीला पुढं काय मिळंल?" मी म्हणालो, "ताई, ह्या विषयाने समाज कळतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "समाज आमाला कळलाय की. मी पैशाचं इचारतीया."

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याहून लाजेची गोष्ट अशी की मी तो सल्ला सर्वस्वी त्या मुलीच्या हितासाठी दिलेला नव्हता. अनुदानित महाविद्यालयात अध्यापकाचे पद हे कार्यभारावर, म्हणजे किती तास शिकवावे लागते यावर, अवलंबून असते. आणि तास विद्यार्थिसंख्येवर. आमच्या विभागात त्या वर्षी मुले कमी पडली असती तर माझा एक तरुण सहकारी अतिरिक्त ठरला असता. सहकाऱ्याची नोकरी वाचावी म्हणून मी समोर येईल त्या मुलामुलीला समाजशास्त्राकडे वळवीत होतो. हे मीच एकटा करीत होतो असेही नाही. कला शाखेच्या अनेक विषयांत जून महिन्यात हेच चालते. विद्यार्थी विषय निवडतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा विषयच आपल्या पोटासाठी विद्यार्थी निवडीत असतो. आपल्यापैकी काही जण प्राध्यापक संघटनांत काम करतात, त्यांनी याचा राग मानू नये.

तर आता हिशेबाकडे वळू. पुढचे आकडे एका घराचे आहेत, सर्वेक्षणाचे नव्हेत. खर्चाची बाजू मांडताना बहुतेक लोक शुल्कापासून आरंभ करतात आणि तेथेच थांबतात. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेचे शुल्क आजही काही हजारांत आहे. त्या मुलीच्या घरी शुल्क, परीक्षा, पुस्तके, एस.टी.चा सवलतीचा पास, कपडालत्ता हे सारे धरून वर्षाला पंधरा हजारांच्या आत भागले. तीन वर्षांचे झाले पंचेचाळीस हजार. ही रक्कम त्या घराला जड आहेच, पण ती खर्चाची मोठी बाजू नव्हे. मोठी बाजू म्हणजे बुडालेली मजुरी. मुलगी वर्गात बसते त्या दिवशी ती खुरपणीला जात नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ज्या योजनेची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि जी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, तिचा दर हा ग्रामीण माणसाच्या श्रमाची सरकारने मान्य केलेली किमान किंमत म्हणून मी घेतो. वर्षात दोनशे दिवस काम मिळाले असे धरले तर बासष्ट हजार चारशे रुपये होतात. तीन वर्षांचे एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. म्हणजे शुल्क वगैरेंच्या चौपटीहून अधिक. दोन्ही मिळून दोन लाख बत्तीस हजार दोनशे रुपये. शासन शुल्क माफ करते तेव्हा 'शिक्षण मोफत झाले' अशी जाहिरात होते, ती या हिशेबाच्या पाचव्या भागाहूनही लहान तुकड्याविषयी असते.

आता जमेची बाजू. पदवीनंतर मुलीला महिना पंधरा हजारांची साधी नोकरी मिळाली असे समजू. दुकान, पतसंस्था, खाजगी कार्यालय, कोठेही. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार होतात. मजुरीत मिळाले असते त्यापेक्षा एक लाख सतरा हजार सहाशे जास्त. म्हणजे दोन वर्षांत पदवीचा सारा खर्च भरून निघतो. मित्रहो, हा आकडा काढल्यावर मी स्वतः चकित झालो. समाजशास्त्राची पदवी हा बुडीत धंदा आहे, अशी जी समजूत शहाण्या माणसांत पसरलेली आहे, ती निदान या गणिताने खरी ठरत नाही. अट एकच. नोकरी पदवीनंतर लगेच मिळाली पाहिजे.

आणि खरी गोम नेमकी येथे आहे. ती लगेच मिळत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या रोजगारविषयक अहवालात पंचवीस वर्षांखालील पदवीधरांतील बेकारी चाळीस टक्क्यांहून अधिक आढळली. पस्तिशीच्या पुढच्या पदवीधरांत मात्र ती पाच टक्क्यांच्याही खाली आली होती. याचा अर्थ नीट समजून घ्या. पस्तिशीपर्यंत सर्वांना मनाजोगे काम मिळते असा तो नव्हे. कोणीही जन्मभर बेकार राहू शकत नाही, कधीतरी मिळेल ते काम धरावे लागते, असा तो अर्थ आहे. मधली आठदहा वर्षे वाट पाहण्यात जातात.

ही वाट पाहण्याची किंमत कोणाच्याच वहीत नोंदलेली नसते. माझा एक विद्यार्थी पदवीनंतर स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यास गेला. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिका, क्लास मिळून त्याला महिना सात-आठ हजार लागत. वर्षाला सुमारे नव्वद हजार. त्यात बुडालेली मजुरी बासष्ट हजार चारशे मिळवली की एक लाख बावन्न हजार चारशे. तो चार वर्षे तेथे होता. सहा लाख नऊ हजार सहाशे. पदवीच्या खर्चाच्या अडीचपटीहून अधिक. पहिल्या दोन वर्षांचे पैसे एक म्हैस आणि बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने विकून आले. पुढच्या दोन वर्षांचे व्याजाने. तो आज एका पतसंस्थेत वसुलीचे काम करतो. हे काम त्याला पदवी मिळाल्याच्या पुढच्या आठवड्यातही मिळाले असते.

तो मुलगा आळशी नव्हता आणि मूर्खही नव्हता. समाजशास्त्र हा संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला घेता येणारा ऐच्छिक विषय आहे आणि तो घेऊन उत्तीर्ण झालेल्यांची छायाचित्रे क्लासच्या जाहिरातींत झळकतात. त्या परीक्षेला दरवर्षी सुमारे दहा लाख अर्ज येतात आणि निवड साधारण हजारांची होते, हे त्या जाहिरातींत नसते. पण ते सोडा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. अर्जाचे शुल्क खुल्या वर्गास हजार रुपये आणि राखीव वर्गास नऊशे. सर्वांनी सवलतीचाच दर भरला असे धरले तरी ती रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. बेकारांकडून बेकार राहण्याबद्दल वसूल केलेली ही पट्टीच नव्हे काय?

आता कोणी म्हणेल, ही सर्वच पदवीधरांची कहाणी झाली; यात समाजशास्त्राचे वेगळे असे काय? वेगळे आहे. दहावीपर्यंतच्या शाळेत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. तो अकरावी-बारावीच्या कला शाखेत येतो. तेथे शिकवण्यासाठी एम.ए. हवे आणि बी.एड. हवे. इतिहास, भूगोल किंवा मराठी घेऊन बी.ए., बी.एड. झालेल्याला माध्यमिक शाळेचे दार निदान अर्धवट उघडे असते; समाजशास्त्रवाल्याला दोन मजले आणखी चढून मग दार शोधावे लागते. कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी व्हायचे म्हटले तर तेथे समाजकार्याची किंवा कामगार कल्याणाची स्वतंत्र पात्रता लागते. समाजकार्य आणि समाजशास्त्र यांतला फरक प्रवेश घेताना मुलांना माहीत नसतो, पालकांना नसतो आणि, खरे सांगायचे तर, प्रवेश देणाऱ्या काही जणांनाही नसतो. 'समाजशास्त्र केले की समाजकल्याण खात्यात लागतो' असे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे.

राहिला प्राध्यापकीचा मार्ग. एम.ए., मग नेट किंवा सेट, जमल्यास पीएच.डी. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हा आकडा हिशेबात घातला की समाजशास्त्राइतका किफायतशीर व्यवसाय नाही असे वाटू लागते. पण ह्या वेतनावर नेमणूक होते किती जणांची? वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवून त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तासागणिक मोबदला मिळतो आणि सुट्टीत मिळत नाही. माझ्याच विभागात, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा, माझ्याइतकाच आणि पुष्कळदा माझ्याहून चांगले शिकवणारा नेट उत्तीर्ण तरुण मे महिन्यात द्राक्षांच्या शीतगृहात मोजणीचे काम करीत असे. एक कायम प्राध्यापक आणि तासिकेवरचे नऊ जण यांची सरासरी काढली तर आकडा बरा दिसतो. सरासरी ही अशी थाळी आहे की तिच्यातून सर्वांना वाढलेले दिसते आणि जेवतो एकटाच.

या साऱ्यामागे एक विचारप्रणाली आहे, तिचाही थोडा परिचय करून घेतला पाहिजे. शिक्षण ही गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा वेतनात मोजता येतो, हा विचार अमेरिकेत थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून मांडला. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात त्याचे शास्त्र बनवले. पुढे १९६९ साली ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल या तिघांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीची कारणे शोधणारा ग्रंथ लिहिला. बेकारीचा काळ धरूनही व्यक्तीच्या दृष्टीने पदवी परवडते, म्हणूनच मुले पदवीकडे धावतात, असे त्यांच्या हिशेबात निघाले. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, कारण गरीब आईबापांना मूर्ख समजण्याची जी सवय शिकल्यासवरल्यांना असते तिला तो उत्तर देतो. त्या काळी पदवीनंतर वाट पाहिली तर शेवटी काहीतरी हाती लागत असे. आज वाट लांबली आणि शेवटी जे लागते ते लहान झाले, एवढा फरक पडला आहे. पद्धत मी टाकून देत नाही. मी आताच तिचा वापर केला. तिच्या वहीत दोनच रकाने आहेत, ही माझी तक्रार आहे.

पहिला सुटलेला रकाना असा की एकाच पदवीला बाजारात सर्वांना सारखा भाव मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण त्याबरोबर त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचाही अभ्यास केला. १९१६ साली गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात वाचलेला भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध हा त्याचाच भाग. १९१७ साली ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत आणि गावात त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. काही दिवसांतच त्यांना मुंबईस परतावे लागले. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाची पदवी आणि तिचा बडोद्याच्या बाजारातला भाव असा ठरला. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले हे खरे. पण तेथेही पाण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असे म्हणून कोणी सुटू पाहील. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक केवळ नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश भरली. पदवीचा परतावा काढणाऱ्या कोणत्याही तक्त्यात आडनावाचा रकाना असतो काय? तो असला पाहिजे हे आपल्याला कळते ते अशाच अभ्यासांमुळे. हे समाजशास्त्राचे काम आहे आणि त्याचा मोबदला ते करणाऱ्याच्या पगारात दिसत नाही.

दुसरा रकाना यातूनच निघतो. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली आणि ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. धरणग्रस्तांच्या प्रश्नावर आपल्यापैकी ज्यांनी काम केले आहे त्यांना अशा पाहणीचे मोल सांगावयास नको. आपल्या मोर्चाच्या निवेदनातले आकडे कोठून तरी आलेले असतात. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली निघाला, पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला, आणि त्याच विभागात अ. र. देसाईंसारखा मार्क्सवादी अभ्यासक शिकवीत असे. घुर्यांचे आणि देसायांचे पटत नसे वा असे, हा प्रश्न वेगळा. समाजाकडे चिकित्सेने पाहण्याचे हत्यार या विभागाने दोन-तीन पिढ्यांच्या हाती दिले. त्याची फळे ज्यांना मिळाली त्यांनी त्याचा खर्च दिलेला नाही, आणि ज्यांनी खर्च दिला त्यांना फळ मिळेलच असे नाही.

तिसरा रकाना मला माझ्या विद्यार्थिनींनी शिकवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. 'कॉलेजात नाव आहे' हे वाक्य खेड्यातल्या मुलीला तीन वर्षांचे संरक्षण देते. कित्येक मुली समाजशास्त्र शिकण्यासाठी येत नसत. घरी बसू नये म्हणून येत. ह्यात मला प्रारंभी विषयाचा अपमान वाटे. नंतर वाटेनासा झाला.

हे सारे सांगितल्यावर टाळ्या घेऊन बसणे सोपे आहे, पण मग मी त्या बाईंना जे उत्तर दिले तेच तुम्हांलाही देत आहे असे होईल. समाजाला लाभ होतो म्हणून खर्च मात्र शेतमजुराने सोसावा, हा न्याय नव्हे. तेव्हा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाकडे येऊ.

याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियाने देऊन पाहिले आहे. त्या देशात १९७४ साली व्हिटलम यांच्या मजूर सरकारने विद्यापीठांचे शुल्क रद्द केले होते. १९८९ पासून ते कर्जाच्या रूपाने परत आले. २०२० साली तेथील सरकारने ठरवले की नोकरीला उपयोगी विषय स्वस्त करावेत आणि बाकीचे महाग. २०२१ पासून समाजशास्त्रासारख्या विषयांत विद्यार्थ्याने द्यावयाचा वाटा वर्षाला साडेचौदा हजार डॉलर झाला, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक. परिचर्या आणि अध्यापन यांचा चार हजारांच्या आत आला. मुलांनी विषय बदलले काय? फारसे नाही. २०२४ साली तेथील उच्च शिक्षणाची पाहणी करणाऱ्या अधिकृत अहवालाने हा उपाय फसल्याचे सांगून तो दुरुस्त करण्याची शिफारस केली. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतला त्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले.

आपल्याकडे इतके उघड कोणी केले नाही, पण दिशा निराळी आहे असे मला वाटत नाही. १९५९ साली तत्कालीन मुंबई राज्याने कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना शुल्कात सवलत दिली, त्या 'ई.बी.सी.'वर शिकलेले निदान दहाजण या मंडपात असतील. तेथे विषय विचारला जात नव्हता. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली. २०२४ साली राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शुल्क पूर्ण माफ केले ही स्वागतार्ह गोष्ट आहे, पण माफी आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. देशात बी.ए.च्या वर्गांत २०२१-२२ साली एक कोटी तेरा लाख विद्यार्थी होते, त्यांत निम्म्याहून अधिक मुली. कला शाखेत शुल्क कमी आहे म्हणून माफीची गरज नाही, असे उत्तर मिळते. पण खर्चाचा मोठा भाग शुल्कात नसून बुडालेल्या मजुरीत आहे, हे आपण पाहिले. त्यावर उपाय शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि कमवा व शिका योजनेचा आहे. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर खात्यात जमा झाली तर तिचा उपयोग सावकाराचे देणे फेडण्यास होतो. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रतिष्ठेच्या पदवीला चौथे वर्ष जोडले आहे. त्या वर्षाचे बासष्ट हजार चारशे कोण देणार, हे धोरणात कोठेही नाही.

आणि परताव्याचा प्रश्न शेवटी जागांचा प्रश्न आहे. समाजाची पाहणी करणे, पुनर्वसनावर देखरेख ठेवणे, वसतिगृहे चालवणे, शाळाबाह्य मुलांचा शोध घेणे, यांसाठी राज्याला माणसे लागतात की नाही? लागतात. ही कामे अंगणवाडी सेविकेवर आणि प्राथमिक शिक्षकावर लादली जातात, नाहीतर कंत्राटावर दिली जातात. २०२३ च्या सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा जो शासन निर्णय निघाला तो ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला, हे तरुणांच्या संतापाचे यश होते. पण निर्णय मागे घेतला म्हणजे जागा भरल्या असे नव्हे.

आमच्या विषयवाल्यांनीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीन वर्षे समाजशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या आमच्या मुलाला एका वस्तीची शिरगणती करता येत नाही, प्रश्नावली तयार करता येत नाही, टक्केवारीचा तक्ता वाचता येत नाही. आम्ही त्याला व्याख्या पाठ करावयास लावल्या. इरावतीबाई एस.टी.ने आणि पायी हिंडल्या; आम्ही टिपणे उतरवून दिली. ज्या पदवीत हाताला काही येत नाही तिला बाजारात भाव नाही, याचा दोष संपूर्णपणे भांडवलशाहीवर ढकलण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही.

ती मुलगी प्रवेश घेऊन गेली. तीन वर्षे शिकली, पदवीधर झाली, आणि वाट पाहत बसली नाही. आईनेच बसू दिले नाही. ती आज तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात हिशेब पाहते आणि बाहेरून एम.ए. करते. तिचे गणित मी मघा मांडलेल्या गणिताच्या जवळपास जाते. मात्र ते जमले ते माझ्या सल्ल्याने नव्हे.

निवृत्तीनंतर मी एक काम करतो. जूनमध्ये महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानात बसतो आणि विचारील त्याला हा जमाखर्च कागदावर मांडून देतो. कोणता विषय घे अथवा घेऊ नको, हे मी सांगत नाही. पुढच्या पायऱ्या कोणत्या, प्रत्येक पायरीला किती वर्षे आणि किती जागा, एवढेच लिहितो. काही मुले कागद घेऊन भूगोलाकडे वळली, काही परिचर्येकडे, काही सारे समजून समाजशास्त्रालाच आली. माझ्या जुन्या विभागाला हे फारसे आवडलेले नाही.

तुमच्याकडून मला एक हवे आहे. आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांत समाजशास्त्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर कितीजण आणि त्यांना गेल्या वर्षी किती महिने मोबदला मिळाला, एवढे चार आकडे काढून आणा. ते मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. पुढच्या अभ्यासवर्गाला आपण त्यांवरच बोलू. आता प्रश्न विचारा.